एन्झाइम बदलून केळी आणि कापूस जोमानं वाढवता येईल का?

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. घरी केळी आणि कापूस, स्वतः बी.एस्सी. बायोटेक. तो लिहितो: "तंबाखूच्या एन्झाइममध्ये जनुकीय बदल करून वाढ ४० टक्क्यांनी जास्त मिळवली असं वाचलं. मग हे केळीत आणि कापसात का करत नाहीत? कृषी केंद्रवाला 'झाइम' म्हणून जी बाटली देतो ती याच विज्ञानातली आहे का? आणि मला यात पुढे शिकायचं असेल तर कुठे हात घालू?"

बाटलीचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. नाही. त्या बाटलीचा जनुकीय बदलाशी काडीचा संबंध नाही. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि प्रथिनाचा रेणू अवाढव्य असतो. पानाच्या मेणचट थरातून युरिया आत जातो, झिंक जातं. एन्झाइमचं एवढं धूड जात नाही. समजा गेलंच, तरी पुढे पेशीभित्तिका, पेशीपटल आणि हरितलवकाची दोन पटलं आहेत. एवढे दरवाजे ओलांडून ते कामाच्या जागी पोचत नाही. बाटलीत बहुधा समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, ह्युमिक असं काहीतरी असतं. ताणात असलेल्या पिकाला त्याचा थोडाफार आधार होतोही. २०२१ पासून अशा मालाला खत नियंत्रण आदेशात 'जैव उत्तेजक' म्हणून वेगळी जागा मिळाली आहे, तेव्हा घ्यायचीच असेल तर लेबलवर ते बघून घ्या.

आता तंबाखू. मी सव्वीस वर्षं ऊतिसंवर्धन आणि जनुकीय बदलाच्या प्रयोगशाळांत काढली, त्यातली निम्मी तंबाखूच्याच रोपांमागे. तंबाखू हे आमचं गिनीपिग. पानाचा तुकडा जनुक आत नेणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात बुडवा, माध्यमावर ठेवा, दोन-तीन महिन्यांत बदललेलं रोप हातात. त्यामुळे तंबाखूत झालं म्हणजे जगात झालं असं समजायचं नाही. पण तो प्रयोग खरा आहे आणि सुंदर आहे, म्हणून नीट सांगतो.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर करण्याच्या साखळीत पहिलं काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव रुबिस्को. केळी, कापूस, सोयाबीन, गहू, सगळीकडे तोच. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत प्रथिन एकटा रुबिस्को असतो. तुम्ही टाकलेल्या युरियातलं नत्र कुठे जातं, तर त्यातला मोठा वाटा याच्यात. आणि एवढं खाऊन हा काम किती करतो? सेकंदाला तीन-चार रेणू. दुसरी काही एन्झाइमं सेकंदाला लाखो रेणूंचं काम उरकतात. हा सरकारी खात्यातला बाबू आहे, म्हणून झाडाला याची भरती भरमसाठ करावी लागते.

संथ आहे तेवढ्यावर भागलं असतं. पण याला माणसं ओळखू येत नाहीत. कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत तो गफलत करतो. बाजार समितीतला मापाडी समजा. कापसाची गाडी मापायला बसलाय, पण चार-पाच गाड्यांमागे एक मातीची गाडी कापूस म्हणून आत घेतो. मग ती माती उपसून बाहेर काढायची मजुरी वेगळी. झाडात याला प्रकाशश्वसन म्हणतात. ऑक्सिजन पकडला की एक विषारी पदार्थ तयार होतो, आणि तो निस्तरायला झाडाला हरितलवक, पेरॉक्सिसोम आणि तंतुकणिका अशा तीन खोल्यांतून फिरावं लागतं. त्या फेऱ्यात आधी पकडलेला कार्बनही थोडा निसटतो, ऊर्जा जाते ती वेगळीच. तापमान वाढलं की ही गफलत आणखी वाढते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा केळीच्या पानात काय चाललं असेल याचा अंदाज करा.

२०१९ मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या गटानं काय केलं, तर रुबिस्कोला हातच लावला नाही. त्याची चूक निस्तरण्याचा रस्ता आखूड केला. एक एन्झाइम हिरव्या शेवाळातून घेतलं, दुसरं चक्क लाल भोपळ्यातून. ती दोन्ही हरितलवकातच बसवली, म्हणजे कचरा तीन खोल्या फिरायच्या ऐवजी पहिल्याच खोलीत जाळला जाईल. वर एक काम केलं: कचरा बाहेर नेणारा जुना दरवाजा जवळजवळ बंद केला. कारण नवा बायपास झाला तरी गाड्या जुन्याच रस्त्यानं जात राहिल्या तर उपयोग काय. शेतातल्या चाचण्यांत या झाडांचं वाळलेलं वजन साध्या झाडांपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त भरलं. पुढे हाच बायपास बटाट्यात घातला, आणि उष्णतेची लाट आलेल्या हंगामात कंदांचं वजन सुमारे ३० टक्क्यांनी जास्त मिळालं. आपल्या भागासाठी मला बटाट्याचा आकडा तंबाखूपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात उष्णता होती आणि खाण्याचा माल होता.

थेट रुबिस्कोच का बदलत नाहीत, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. बदलून पाहिलाय. २०१४ मध्ये निळ्या-हिरव्या शेवाळाचा वेगवान रुबिस्को तंबाखूत बसवला. झाडं जगली, पण वाढीव कार्बन डायऑक्साइडच्या खोलीत ठेवावी लागली. तो वेगवान होता पण आणखी धांदरट होता. वेग घेतला की पारख जाते, पारख घेतली की वेग जातो, ही अडचण फार जुनी आहे. शिवाय रुबिस्कोचे आठ मोठे तुकडे हरितलवकाच्या जनुकावरून बनतात आणि आठ लहान तुकडे केंद्रकातल्या जनुकांवरून. हरितलवकात जनुक घालणं तंबाखूत रुळलेलं काम आहे, बहुतेक पिकांत अजूनही डोकेदुखी.

झाडांनी स्वतः यावर काढलेला तोडगा मात्र तुमच्या बांधापलीकडे उभा आहे. ज्वारीचं पान उजेडासमोर धरा. शिरा अगदी दाट दिसतील, केळीच्या किंवा कापसाच्या पानापेक्षा वेगळ्याच. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिकं आधी दुसऱ्याच, ऑक्सिजनला न भुलणाऱ्या एन्झाइमनं कार्बन पकडतात आणि शिरेभोवतीच्या पेशींत कोंडलेल्या रुबिस्कोपुढे नेऊन ओततात. मापाडी तोच, पण त्याच्या दारात मातीची गाडी येऊच देत नाहीत. तापी-पूर्णेकाठच्या काळ्या रानात आपली दादर ज्वारी नुसत्या ओलीवर येते, त्यामागे इतर गोष्टींबरोबर ही व्यवस्थाही आहे. हीच व्यवस्था भातात बसवण्यासाठी मोठमोठे गट पंधरा वर्षांहून जास्त खपतायत. एखादं एन्झाइम घालून होत नाही ते, पानाची रचनाच बदलावी लागते. केळीत ते होईल का असं विचाराल तर माझ्या हयातीत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच आहे.

माझे वडील अमळनेरकडे कापूस लावायचे. मी पहिल्यांदा प्रयोगशाळेतून सुट्टीवर आलो आणि जास्त वाढणाऱ्या झाडांच्या गोष्टी सांगायला लागलो, तेव्हा ते म्हणाले, "झाड मोठं व्हयनं भाऊ, पन कापूस कोठे शे?" तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. आता बघा. बागायती कापूस माजला की आपण काय करतो? शेंडा खुडतो, नाहीतर मेपिक्वॅट क्लोराइड मारतो. मेपिक्वॅट काय करतं? झाडात जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार करणाऱ्या साखळीतल्या सुरुवातीच्या एन्झाइमांना अडवतं. म्हणजे खान्देशातला शेतकरी एन्झाइम बंद पाडायला पैसे मोजतो, आणि प्रश्न विचारतो की एन्झाइम वाढवून वाढ कशी करायची!

यात चेष्टा नाही. हरितक्रांतीचा बुटका भात, १९६६ चा आयआर-८, याच साखळीतलं एक एन्झाइम बिघडलेला होता. जीए-२० ऑक्सिडेज त्याचं नाव. ते नीट चालत नाही म्हणून ताट आखूड राहिलं, खत पचवून लोळलं नाही, आणि साखर काडीत न जाता दाण्यात गेली. मे २०२५ मध्ये आपल्याकडे जाहीर झालेला जनुक-संपादित भात 'कमला' घ्या. सांबा मसुरी या भातात साइटोकायनिन नावाचं संप्रेरक मोडणारं एक एन्झाइम निकामी केलंय. संप्रेरक टिकतं, लोंबीत दाणे जास्त भरतात. इथेही एन्झाइम वाढवलेलं नाही, काढलंय. उलट जिथे खोडच माल आहे तिथे वाढ विकत घ्यायला लोक तयार असतात. ब्राझीलनं २०१५ मध्ये मंजूर केलेल्या निलगिरीत पेशीभित्तिका सैल करणारं एन्झाइम घातलं आहे, लाकूड जास्त मिळावं म्हणून. केळीचं खोड आपण काढणीनंतर कापून आडवं करतो. तेव्हा '४० टक्के वाढ' ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा, वाढ कशाची? घडाची की पानांची?

त्यातही केळीला आपल्याकडे वाढ नको, आवर हवा. रावेर-यावलकडे मे-जूनचं वादळ येतं तेव्हा काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. घड भरत आलेला, खोड पाण्यानं जड, अर्ध्या तासाच्या वाऱ्यात अख्खी बाग झोपते. बांबू, पट्ट्या, कडेला शेवरी, सगळं करून. २०२० मध्ये चीनमधल्या एका गटानं ग्रो मिशेल केळीत तेच जीए-२० ऑक्सिडेजचं जनुक संपादित करून बुटकी केळी तयार केली. मला विचाराल तर खान्देशासाठी ४० टक्के जास्त वाढणाऱ्या झाडापेक्षा दोन फूट बुटकं, तेवढाच घड देणारं ग्रँड नैन, म्हणजे आपलं नेहमीचं केळीचं वाण, जास्त मोलाचं आहे. वादळाचं उदाहरण परदेशातही आहे. सोयाबीनमध्ये सावलीतून उन्हात आल्यावर पान लवकर सावरावं म्हणून तीन प्रथिनांची जनुकं वाढवली होती. पहिल्या वर्षी उत्पादन सरासरी जवळपास २५ टक्क्यांनी वाढलं, २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दुसऱ्या हंगामात वादळानं पीक लोळलं आणि फरक तितका ठळक उरला नाही.

दुसरं एन्झाइम ज्यावर माझा जीव आहे ते रुबिस्को ॲक्टिव्हेज. रुबिस्को मधूनमधून अडकून बसतो, त्याला मोकळा करणारा हा मदतनीस. हा उष्णतेला फार नाजूक आहे. कापसासारख्या उष्ण प्रदेशातल्या पिकातही साधारण पस्तीस अंशांच्या पुढे त्याची ताकद उतरायला लागते. रुबिस्को स्वतः धडधाकट असतो, पण त्याला उठवणाराच आडवा झालेला. २००७ मध्ये अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या मोहरीवर्गीय रोपात उष्णता सोसणारा ॲक्टिव्हेज बसवून दाखवला, गरम खोलीत ती रोपं सरस वाढली. गव्हात तर या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललं तरी त्याची उष्णता सोसण्याची मर्यादा सरकते असं दिसलंय. केळीच्या मृगबागेची रोपं जून-जुलैत लागतात आणि पुढचा अख्खा उन्हाळा काढतात, कांदेबागही उन्हाळ्यातून सुटत नाही. आपल्याकडे कुणी एन्झाइमवर पैसा घालणार असेल तर इथे घालावा.

आता एक कबुली, म्हणजे आकडे वाचताना हात आखडता ठेवाल. फार वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत आमच्या तंबाखूच्या एका ओळीतली रोपं साध्या रोपांपेक्षा टीचभर उंच निघाली. हरितगृहात सगळे येऊन बघून गेले. पेढे वाटायचेच बाकी होते. तेव्हा कुंड्यांना पाणी घालणाऱ्या मावशींनी सहज विचारलं, "साहेब, ही बाकडी कायम पॅडजवळच ठेवायची का?" एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला पंखे. पॅडजवळची हवा पंख्याजवळच्या हवेपेक्षा चांगलीच गार. आमची लाडकी रोपं पॅडजवळ होती, तुलनेची साधी रोपं पंख्याजवळ. दर आठवड्याला कुंड्यांच्या जागा बदलल्या तेव्हा फरक विरघळला. दीड वर्ष गेलं त्यात. प्रयोगशाळेतल्या कितीतरी 'वाढी' कुंडीतून शेतात जाताना अशाच गळतात, कारण कुंडीत अडचण एका एन्झाइमची असते आणि शेतात पाण्याची, नत्राची, मुळाच्या जागेची. पाटाचं एक दार मोठं केलं म्हणून शेवटच्या वाफ्याला पाणी वाढत नाही, मधली चारी अरुंद असेल तर.

केळीत काम का रेंगाळतं हेही ऐका, कारण तुम्हाला त्यात उतरायचंय. पानाचा तुकडा केळीत चालत नाही. केळफूल घ्यायचं, वरची पानं एकेक सोलत आत जायचं, अगदी आतल्या दाण्याएवढ्या नरफुलांच्या रांगा सूक्ष्मदर्शकाखाली सुटवायच्या. हाताला चीक लागतो, सुरी काळी पडते. त्या फुलांपासून महिनोन् महिने वाट बघून भ्रूण देणाऱ्या पेशी मिळतात, त्या फिरत्या चंबूत वाढवायच्या, मग जनुक घालायचं. शंभर फुलांतली किती साथ देतील याचा भरवसा नाही. पहिलं बदललेलं रोप कुंडीत यायला दीड वर्ष सहज जातं, आणि घड बघायला आणखी एक.

त्याहून मोठी मेख बियाण्याची आहे. भातात जनुक-संपादन करताना कात्री म्हणून घातलेलं परकं जनुक पुढच्या पिढीत बियांमधून निवडून काढून टाकता येतं. हाती उरतं ते फक्त संपादन. असं परका डीएनए नसलेलं रोप असेल तर केंद्राच्या मार्च २०२२ च्या आदेशानं त्याला १९८९ च्या नियमांतल्या जीईएसीच्या, म्हणजे जनुकीय बदलाची पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीच्या, लांबलचक परवानगीतून सूट आहे. पण ग्रँड नैनला बीच नाही! तीन संचांचं वांझ झाड, पिलावर आणि ऊतिसंवर्धनावर चालणारं. कात्री एकदा आत गेली की ती वेगळी करायला पुढची पिढी नाही. म्हणून कात्रीचं प्रथिन थेट पेशीत सोडून, डीएनए न घालता काम करावं लागतं, आणि एकट्या पेशीतून केळीचं अख्खं रोप उभं करणं फार थोड्या हातांना जमतं. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर हीच वांझ केळी जनुकीय बदलाला सगळ्यात सुरक्षित पीक आहे, परागकण उडून शेजाऱ्याच्या बागेत जायची भीती जवळजवळ नाही. मोहालीच्या संस्थेनं २०२० मध्ये ग्रँड नैनमध्येच एक एन्झाइम संपादित करून गरात बीटा कॅरोटिन वाढवलं, म्हणजे आपल्या वाणावर हात बसलेले लोक देशात आहेत. फिलिपाइन्सनं २०२३ मध्ये कापल्यावर काळी न पडणारी केळी मोकळी केली, त्यातही काळेपणा आणणारं एन्झाइम बंद केलंय. फैजपूरच्या वेफर्सवाल्यांनी याकडे बघायला हरकत नाही.

कापसात परवानगीचा रस्ता जुनाच आहे: २००२ चं बीटी, २००६ चं दोन जनुकांचं बीटी, आणि पुढे फारसं काही नाही. तणनाशक सोसणारं जे बियाणं चोरून विकलं जातं त्यातही एक जिवाणूचं एन्झाइमच आहे. मात्र त्यानं वाढ होत नाही, फक्त झाड तणनाशकानं मरत नाही, आणि त्या बियाण्याला परवानगी नाही. "नवीन एन्झाइमचा कापूस" म्हणून कुणी पाकीट दिलं तर हात मागे घ्या. पावती नसलेल्या बियाण्याची भरपाई मागायला जागा नसते.

शिकायचंच असेल तर सुरुवात जनुकापासून करू नका, पानापासून करा. एम.एस्सी.ला अशी जागा शोधा जिथे पानाचं प्रकाशसंश्लेषण मोजायचं यंत्र शेतात नेतात, नुसतं कपाटात ठेवत नाहीत. मे महिन्यात आपल्याच बागेत सकाळी आठ, दुपारी बारा आणि तीन वाजता केळीच्या तिसऱ्या पानाचं मोजमाप घ्या. दुपारी पान मंदावतं ते रंध्रं मिटल्यामुळे की आतला ॲक्टिव्हेज थकल्यामुळे, हे वेगळं काढता आलं की तुमच्या हातात खरा प्रश्न आला. त्याचं उत्तर रंध्रं असं निघालं तर एन्झाइम बदलून काही साधणार नाही, ठिबकाची वेळ बदलावी लागेल.

आणि ती बाटली घरात आलीच असेल तर फेकू नका. दोन ओळींना फवारा, मधल्या दोन सोडा, पुन्हा दोनला फवारा, असं आलटून पालटून पूर्ण बागेत करा. नुसत्या कडेच्या ओळी निवडू नका, कडेला ऊन आणि खत दोन्ही जास्त मिळतं. खुणेला खोडावर चुन्याचे पट्टे ओढा. निसवणीची, म्हणजे घड बाहेर पडल्याची, तारीख आणि कापणीच्या दिवशी काट्यावरचं घडाचं वजन वहीत लिहा, आणि कुठल्या ओळी फवारल्या ते वजन करणाऱ्या गड्याला सांगू नका.